पेशीचा विसावा

प्रयोगशाळेतले शिपाई वाहिदचाचा सोमवारी आले नाहीत आणि त्या दिवशीचा आलेख सरळ आला. एवढंच झालं. शांतीलालनं पेन्सिल खाली ठेवली, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ठिपके परत एकदा मोजले. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, दर अर्ध्या तासाचा एक, असे तेवीस ठिपके. पट्टी लावली तर सगळे तिच्या कडेला गुमान उभे राहत होते. रेघ खालून निघून संथपणे वर चढत गेली होती आणि कुठेही अडखळली नव्हती. गेली तीन वर्षं हीच रेघ रोज दोनदा अडखळायची, एकदा दुपारी दीडच्या पुढे आणि एकदा पाचच्या आसपास. त्या दोन अडखळण्यांवर त्याचा एकशे ब्याऐंशी पानांचा प्रबंध उभा होता. धुळ्याहून बांधून आलेल्या चार निळ्या प्रती समोरच्या टेबलावर होत्या, पाठीवर सोनेरी आकड्यांत १९६७ छापलेल्या. शनिवारपर्यंत त्या रजिस्टर पोस्टानं पुण्याला जायच्या होत्या. आपला हात थकला असेल, त्यानं मनाशी म्हटलं. थकवा हे कारण त्याला नेहमीच पटकन सापडायचं.

काम तसं साधं, पण सांगायला किचकट. पेशी जन्मते, वाढते, आतला ऐवज दुप्पट करते, मग दुभंगून दोन होते आणि त्या दोघी पुन्हा तेच करायला लागतात. या फेऱ्यात तिच्या पोटातल्या एन्झाइमचा जोर कधी वाढतो? रोजच्या रोज थोडाथोडा, की ठरलेल्या वेळी एकदम? शांतीलालकडे यीस्टच्या पेशी होत्या. काठी गावाकडच्या मोहाच्या मडक्यातला फेस ऑफिसातल्या सुरुपसिंगनं औषधाच्या बाटलीतून आणून दिला होता. दारूबंदीच्या राज्यात नंदुरबारच्या सरकारमान्य कॉलेजचा मास्तर मोहाचा फेस जपून ठेवतो म्हणून सुरुपसिंग अजूनही भेटला की गालात हसायचा. या पेशींना आधी उपाशी ठेवायचं. उपाशी पेशी एकाच टप्प्यावर थबकतात. मग सकाळी सातला त्यांना अन्न द्यायचं, की पंगतीला एकदम बसावं तशा सगळ्या एकदम सुरू होतात. त्यानंतर दर अर्ध्या तासानं चमचाभर पेशी काढून वाळूत घोटायच्या, त्यात उसाच्या साखरेचं पाणी घालून दहा मिनिटं टबातल्या पाण्यात धरायचं, आणि एन्झाइमनं किती साखर फोडली ते निळ्या द्रावणानं मोजायचं. टब जस्ताचा, भुसा भरलेल्या लाकडी पेटीत बसवलेला. वीज दिवसातून चारदा जायची, तेव्हा पुण्यासारखं विजेवरचं यंत्र इथे उपयोगाचं नव्हतं. भुशाची युक्ती त्याची स्वतःची होती आणि तिचा त्याला अभिमान होता. पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस एकट्यानं बसून त्यानं सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाला टबात थर्मामीटर धरला होता. दिवसभरात एका अंशाचाही फरक पडला नव्हता. तेव्हापासून तो फक्त सकाळी सातला एकदा बघायचा आणि वहीत आकडा टाकायचा.

आणि मग त्या पायऱ्या दिसल्या होत्या. पहिल्यांदा दिसल्या तो दिवस त्याला अजून आठवतो. पौषातली थंडी होती आणि त्यानं एकट्यानंच खोलीत येरझाऱ्या घातल्या होत्या. एन्झाइम सरळ चढत नव्हतं. ते एकदम पायरी चढे, मग बराच वेळ जवळपास आडवं चाले, मग दुसरी पायरी. पेशी विसावा घेते, असं त्याला वाटलं होतं, आणि हे वाक्य त्यानं प्रबंधात लिहिलं नसलं तरी मनात रोज म्हटलं होतं. त्याला हे वाक्य हवं होतं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो सकाळी उठतानाच दमलेला असे. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभं राहिलं की पाय जड होत. वडील, पितांबर पाटील, तापीकाठच्या काळ्या रानात कापूस आणि केळी करत. त्यांच्या तोंडून दमल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. एकदाच, शेवटच्या आजारात, त्यांनी भिंतीकडे तोंड करून म्हटलं होतं, "थकी गऊ रे भो." ते ऐकताना शांतीलालला दुःखापेक्षा सुटका अधिक वाटली होती, आणि त्याची लाज त्याला अजून वाटते. म्हणजे तेही थकत होते. फक्त ते सांगत नव्हते. पुढे पेशीच्या रेघेत त्या पायऱ्या दिसल्या तेव्हा त्याला वाटलं, थकणं हा आपला दोष नाही. जी सर्वांत लहान, जिला ना सासर ना नोकरी, ती पेशीसुद्धा मध्ये बसते. पुण्याच्या विद्यापीठातल्या त्याच्या मार्गदर्शकांना, आगाशे सरांना, यातलं काही माहीत नव्हतं. ते लिहीत, "तुमच्या यीस्टचा स्वभावच निराळा दिसतो. आमच्याकडच्या जातीत या पायऱ्या मिळत नाहीत, म्हणूनच तुमचं काम मोलाचं." आता त्यांनी त्याच्यासाठी विभागात जागा काढली होती. जूनपासून पुणं. भाषणासाठी एक ठळक, स्वच्छ आलेख तेवढा नव्यानं काढून पाठवा, असं त्यांनी कळवलं होतं. त्यासाठीच सोमवारचा हा प्रयोग होता.

मंगळवारी त्यानं निळं द्रावण नव्यानं बनवलं, काचसामान दोनदा धुतलं, वाळू भाजून घेतली. वाहिदचाचा मंगळवारीही नव्हते. त्यांच्या घरून, जन्नतबीला, वाहिदचाचांच्या बायकोला, पोटाच्या ऑपरेशनसाठी चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलंय, असा निरोप आला होता. शांतीलालनं "बरं" म्हटलं होतं आणि काचेच्या नळ्या स्वतः धुवायला लागणार म्हणून किंचित वैतागला होता. दीड वाजला. त्यानं श्वास रोखून पुढचा नमुना घेतला. रेघ सरळ. पाच वाजले. सरळ. सहा वाजता तो स्टुलावर बसला तेव्हा त्याला भीती वाटली, आणि ती भीती चुकीची नव्हती, कारण या दोन दिवसांत त्यानं आयुष्यातलं सर्वांत नेटकं काम केलं होतं. घरी बायकोनं, अनुसयानं, जेवायला वाढलं. ती गेल्या महिन्यापासून निराळीच झाली होती. पितळेची भांडी तिनं दोन ढिगांत लावली होती, एक पुण्याला न्यायचा, एक सासूला द्यायचा. "तठे नळ शेतस ना घरमा?" तिनं विचारलं. हा प्रश्न तिनं याआधीही विचारला होता. "शेतस," तो म्हणाला. "मंग ह्या घागरी ठी देऊ का?" त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. बारा वर्षं ही बाई विहिरीवरून पाणी ओढत होती आणि एकदाही चिडली नव्हती. तिच्या हाताला, आंगठ्याच्या मुळाशी, दोराचा घट्टा पडलेला होता. त्याला तिची दया आली आणि मग स्वतःची, आणि स्वतःची जास्त वेळ टिकली.

बुधवारी सकाळी ते कळलं. मोरीत तो कुडकुडत उभा होता आणि अनुसयानं बादली आणून ठेवली. "जळन सरनं शे," ती म्हणाली. "हिरनं पानी आत्तेच काढी आनेल शे. ऊनच शे, करी ल्या." त्यानं तांब्या अंगावर ओतला. माघातल्या त्या थंडीत विहिरीचं पाणी खरोखरच कोमट होतं, त्यातून हलकी वाफ निघत होती. दुसरा तांब्या ओतायला त्यानं हात उचलला आणि तो तसाच राहिला. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं आणि उन्हाळ्यात गार. हे तापीकाठच्या पोरांना चालता येण्याआधी माहीत असतं. हे त्यालाही माहीत होतं. फक्त एम.एस्सी. झाल्यापासून त्याचा कधी विचार केला नव्हता. त्याच्या पायऱ्या हिवाळ्यात वर चढायच्या आणि उन्हाळ्यात खाली उतरायच्या. त्यावर त्यानं पाचवं प्रकरण लिहिलं होतं, ऋतुमानाचा एन्झाइमवर परिणाम, तेवीस पानं, आणि आगाशे सरांनी त्याच प्रकरणाच्या समासात "उत्तम" लिहिलं होतं. टबात कुणीतरी दुपारी विहिरीचं पाणी ओतत होतं. पाण्याची ऊब बदलली की दहा मिनिटांत फुटणारी साखर बदलायची. पेशी तिच्या वाटेनं सरळ चालली होती. "काय व्हयनं?" अनुसयानं दाराबाहेरून विचारलं. तो म्हणाला, काही नाही, आणि उरलेली आंघोळ कशीबशी उरकली.

कॉलेजच्या वाटेवर तो एकेक गोष्ट जागेवर बसवत गेला. चार दिवस थर्मामीटर धरला होता तेव्हा सुट्टी होती आणि वाहिदचाचा बहिणीकडे सुरतेला गेले होते. म्हणजे भुशाची परीक्षा झाली ती पाणी ओतणारा माणूस नसताना. शुक्रवारची मापं त्यानं पहिल्याच वर्षी काढून टाकली होती, कारण शुक्रवारी पहिली पायरी दीडच्या ऐवजी अडीचला यायची. त्यानं स्वतःशी ठरवलं होतं की शुक्रवारी विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक असतं, गडबडीत आपलं चुकतं, आणि मग शुक्रवारी प्रयोगच बंद केले होते. शुक्रवारी दुपारी मशिदीत गर्दी असते हे शहरातल्या कुठल्याही टांगेवाल्यानं त्याला सांगितलं असतं. दुसरी पायरी डिसेंबरात साडेचारला यायची आणि मे महिन्यात सव्वापाचला. थंडीत पेशीचं चक्र आखूड होतं, असं त्यानं लिहिलं होतं, आणि हे जगाच्या अनुभवाच्या उलट आहे याचा त्याला गर्वही झाला होता. दिवस लहान झाला की दुपारनंतरची नमाज लवकर येते. एवढंच होतं ते. तीन वर्षं डोळे फोडून त्यानं जे मोजलं ते पेशीचं नव्हतं, वाहिदचाचांच्या दिवसाचं होतं, आणि हा माणूस त्या खोलीत त्याच्यापासून दहा पावलांवर वावरत असताना तो दुपारी कुठे जातो, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

खोलीत आल्यावर तो चार निळ्या प्रतींसमोर बसला. कुणाला कळणार नाही, हा विचार अपेक्षेइतका उशिरा आला नाही, लगेचच आला. पुण्याच्या जातीत पायऱ्या मिळत नाहीत, पण त्यांनी ते नंदुरबारच्या यीस्टचं वैशिष्ट्य ठरवून टाकलं होतं. परीक्षकाकडे मोहाच्या मडक्यातला फेस नव्हता. प्रती पाठवायच्या, जूनमध्ये जायचं, तिथे दुसरं काही काम हाती घ्यायचं. अनुसयेला नळ मिळेल. पायऱ्या पुस्तकाच्या कपाटात धूळ खात पडतील. यात कुणाचं वाईट होत होतं? त्यानं मनापासून शोधलं आणि त्याला कुणी सापडलं नाही. फक्त एक गोष्ट होती. सोमवारची आणि मंगळवारची रेघ खरी होती. एन्झाइम न थांबता, न बसता, सबंध फेरा संथ चढत होतं, आणि ही गोष्ट कदाचित मोलाची होती, कदाचित नव्हती, पण ती त्यानं मोजली होती. त्याला ती आवडत नव्हती. पेशी विसावा घेत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बाहेर पत्र्यावर ऊन चढत गेलं, खोली थोडी उबदार झाली, आणि त्याला वाटलं की आपण इथेच टेबलावर डोकं ठेवून झोपावं आणि शनिवार उलटून गेल्यावर कुणीतरी उठवावं.

बारा-सव्वाबाराला वाहिदचाचा आले. स्टेशनवरून थेट आले होते. हातात पिशवी, टोपीवर धूळ, दाढीचे खुंट वाढलेले. साठीला आलेला हा बुटका माणूस दारातच थबकला आणि म्हणाला, "सर, माफ करा. दोन दिन खाडा व्हई गया."

"चाची कशी शे?" शांतीलालनं विचारलं. प्रश्न तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला जाणवलं की जन्नतबीला त्यानं एकदाही पाहिलेलं नाही.

"ऑपरेशन व्हयनं. आते बरी शे. अख्तर, मन्ही पोर, तिनाजोडे शे." त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि टबाकडे गेले. वाकून आत पाहिलं. "पानी कितलं आटी गयं. कोनीच टाकं नही का? सर, पेशी मरी तं नही गयात?"

शांतीलालनं विचारायचं ते रस्त्यात तयार करून ठेवलं होतं. चांगले कडक शब्द होते ते. त्यातला एकही आला नाही. "चाचा," तो म्हणाला, "ह्या टबमा पानी तुम्हीन कवय, कितला वाजता टाकतस?"

वाहिदचाचांना वाटलं आपल्यावर कामचुकारपणाचा आळ येतोय. त्यांचा चेहरा उतरला. "रोज टाकस सर. तीन सालमा एक दिन चुकनू नही, ह्या दोन दिन सोडी. दुफारनी, जोहरनी नमाज पढाले जास, तवय हिरवर हातपाय धोईसन वजू करस. तठेच दोन बादल्या काढस आनि येता येता टाकी देस. मंग असरनी नमाजले परत दोन. तुम्हीन वर्गमा ऱ्हातस नही तं त्या नळ्यासमा डोकं घालीसन बठेल ऱ्हातस, तुम्हले समजत बी नही. जुम्माले मस्जिदमा जावं लागस, म्हनीन उशीर व्हस. पन टाकस." मग हळूच म्हणाले, "तुम्हीनच सांगं व्हतं पहिला दिन. पानी सरू देऊ नका, ह्यासमा जीव शे, म्हने."

सांगितलं होतं. शांतीलालला आठवलं. नवा टब आला होता, तो घाईत होता, आणि मागे न बघताच त्यानं तसं काहीतरी म्हटलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर हा माणूस तीन वर्षं दिवसातून चार बादल्या ओढत होता. दमल्याचं त्यानंही कधी सांगितलं नव्हतं.

"काही बिघडनं का, सर?"

शांतीलालनं त्यांच्याकडे पाहिलं. दोन दिवसांची झोप नसलेले ते डोळे उत्तराची वाट बघत होते, आणि त्या उत्तरावर त्यांचं बरंच काही अवलंबून होतं. "नही," तो म्हणाला. "तुमनं काही बिघडनं नही." हे खोटं नव्हतं. बिघडलं होतं ते दुसऱ्याचं. हे एकदा मनात स्पष्ट झाल्यावर बाकीचं करायला त्याला वाटलं होतं तेवढी ताकद लागली नाही. त्यानं ड्रॉवरमधून पोस्टकार्ड काढलं आणि आगाशे सरांना लिहिलं, की पायऱ्या पेशीच्या नाहीत, टबातल्या पाण्याच्या आहेत, चूक सर्वस्वी माझी, प्रबंध पाठवत नाही, जागा दुसऱ्याला द्यावी. शेवटचे तीन शब्द लिहिताना अनुसयेचा हात डोळ्यांपुढे आला आणि पेन थांबलं. मग त्यानं तेही लिहिलं. तिला संध्याकाळी सांगावं लागणार होतं. ती रडणार नाही, भांड्यांचे दोन ढीग पुन्हा एक करेल, आणि ते त्याला बघवणार नव्हतं.

वाहिदचाचा तोवर नमाज पढून दोन बादल्या घेऊन आले होते. शांतीलाल उठला, थर्मामीटर टबात धरला. वीस. "टाका," तो म्हणाला. पाणी ओतलं गेलं, जास्तीचं कडेच्या भोकातून मोरीकडे गेलं, आणि पारा डोळ्यांदेखत वर सरकला. बावीस, तेवीस. वाहिदचाचाही उत्सुकतेनं वाकून पाहत होते. त्यांना त्यातलं काय दिसत होतं कोण जाणे, पण इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा ते दोघं टबाच्या एकाच बाजूला उभे होते.

"पुण्याले कवय जातस, सर?" त्यांनी बादली उपडी करत विचारलं.

"मी नही जाई ऱ्हायनू, चाचा."

"नही जातस?" त्यांनी चारही निळ्या प्रतींकडे एकदा पाहिलं. मग चेहरा उजळला, आणि तो त्यांना लपवता आला नाही. "मंग बरं व्हयनं. माले वाटे, तुम्हीन गयात तं हाई खोली बंद व्हई जाई." बोलून झाल्यावर त्यांना आपलं चुकलंसं वाटलं असावं. ते खाली बघून पायजम्याचा भिजलेला काठ पिळायला लागले.

शांतीलालला त्यांच्या आनंदाचा राग यायला हवा होता. आला नाही. छातीत एक जुनं, जड काहीतरी जागच्या जागी हललं एवढंच. पहिल्या पानापासून सगळं परत करायचं होतं, पुढच्या सोमवारी सातला पेशींना अन्न द्यायचं होतं, आणि त्याच्याच्यानं ते होईल की नाही हे त्याला माहीत नव्हतं. "चाचा," तो म्हणाला, "आते एक करा. टबमा पानी टाकानं पहिले माले सांगत जा. टाकू का म्हनीन इचारत जा."

"इतलंच ना, सर?" वाहिदचाचा हसले. "हाई तं पहिला दिनलेच सांगाले पाहिजे व्हतं. मी रोज इचारतु."

"हा," शांतीलाल म्हणाला, "सांगाले पाहिजे व्हतं." त्यानं वही उघडली आणि त्या दिवसाच्या पानावर वेळ लिहिली, एक चाळीस.